भिंगाचा डबा

१

"आणि हा आपला रेकॉर्डर," असं म्हणत मी प्राचार्यांसमोर डबा उघडला, आणि आतून निघालं भिंग.

लाकडी मुठीचं, वाचायचं भिंग. प्राचार्यांनी ते उचललं आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा तो वटारलेला मोठा डोळा मी जन्मात विसरणार नाही.

"बाई, रेकॉर्डर म्हणतात तो हाच का?"

मी विद्यार्थी कल्याण विभागाची प्रमुख. पोरं मला पाठीमागे कल्याणबाई म्हणायची, आता तोंडावर म्हणतात. आमचं कॉलेज एवढंसं. कोणाची सायकल पंक्चर झाली तरी दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. फाटकाजवळच्या फळ्यावर आठवडाभर लिहिलेलं होतं: शनिवारी सेवा दिवस, रविवारी सायकल दुरुस्ती, सोमवारपासून परीक्षा. सेवा दिवशी आमचा विभाग मुलांना काय काय वापरायला देतो ते टेबलावर मांडायचं होतं. भिंग, कॅल्क्युलेटर, इयरफोन, मोजपट्ट्या, आणि या सगळ्यांत मानाचा तो रेकॉर्डर. पाहुणे त्याचं बटण दाबणार आणि भरल्या सभागृहात पुस्तक बोलायला लागणार, असा बेत होता.

त्या मुठीएवढ्या यंत्रात इतिहासाचं अख्खं पुस्तक वाचून भरलेलं होतं. ते कानसेनसाठी होतं. कानसेन म्हणजे आमचा अंध विद्यार्थी. तानसेन नाही पण कानसेन आहे, असं पोरं म्हणतात आणि तोही हसतो. पावलांवरून माणूस ओळखतो. सोमवारी त्याचा इतिहासाचा पेपर होता, आणि ही त्याची शेवटची संधी. या खेपेला नापास झाला की वसतिगृह सुटणार, घरी परत जाणार, आणि शिक्षणाला कायमचा रामराम. डोळसांना पुस्तकं शंभर मिळतात. याचं पुस्तक एकच होतं आणि ते नाहीसं झालं होतं.

मी कपाट पुन्हा पाहिलं. सारख्या आकाराचे पाच डबे काल भरले होते, आता चारच होते. 'भिंग' असं लेबल लावलेला डबा गायब. म्हणजे चोरानं भिंग काढून रेकॉर्डरच्या डब्यात ठेवलं आणि रेकॉर्डर भिंगाच्या डब्यात घालून नेला? असला उलटा उद्योग कोण करेल? आणि त्याहून वाईट म्हणजे, रेकॉर्डरच्या डब्याची चिकटपट्टी मी आत्ता प्राचार्यांच्या देखत कात्रीनं कापली होती. ती कुठे उचकटलेली नव्हती, फाटलेली नव्हती.

बंद डब्यातून वस्तू बाहेर गेली होती आणि दुसरी आत आली होती.

२

"उद्यापर्यंत शोधून काढा," प्राचार्य म्हणाले. "नाहीतर डबे ज्यानं भरले त्याला मी घरी बसवतो."

डबे भरले होते उद्याभाऊंनी. हे आमचे तंत्र-सहायक. काहीही सांगा, "उद्या करतो" म्हणतात. रेकॉर्डरमधलं सगळं संगणकावर उतरवून ठेवा असं मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! वेळीच उतरवलं असतं तर आज कोणाचं अडलं नसतं.

"उतरवलंत का?" मी विचारलं.

"उद्या करणार होतो, बाई."

मनात म्हटलं, हाणावी एक. "काल दुपारी मी प्राचार्यांकडे बैठकीला गेले होते. तेव्हा डबे भरलेत ते नीट सांगा."

"पाचही भरले, पट्ट्या लावल्या, लेबलं लावली, कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ली दारामागच्या खिळ्याला." हे सगळं एका श्वासात. पाठ करून आल्यासारखं. वर कानाची पाळी चोळत होते. मला माणसं कळतात. कानाची पाळी चोळणारा माणूस काहीतरी गिळून बसलेला असतो.

किल्ली खिळ्याला असते हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दाराबाहेर स्टुलावर आमचे शिपाईमामा बसलेले असतात. त्यांना विचारलं.

"भाऊ गेल्यावर कोण आलं होतं, मामा?"

"परकं कोणी नाही, बाई. माईकताई आली होती, कार्यक्रमपत्रिका न्यायला. मग इतिहासवाले सर आले. तुम्हाला शोधत होते. दोघंही एकेकटीच आत गेली आणि जराशानं बाहेर आली."

कानसेन खोलीतल्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होता. मला वाटलं होतं, पोरगं धाय मोकलून रडेल. पण तो शांतपणे म्हणाला, "बाई, भाऊंवर आळ नका घेऊ. रेकॉर्डर सापडेल."

"आणि सोमवारच्या आत नाही सापडला तर?"

"सापडेल," तो पुन्हा म्हणाला.

एवढ्याशा जिवाला एवढा धीर! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. चोराच्या नरडीला नख लावायचं असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

३

माईकताई म्हणजे आमची सूत्रसंचालिका. कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असो, माईक हिच्याच हातात. आवाज गोड, पण नाकावर राग. कानसेनला पुस्तक वाचून देण्याचं काम आधी तिच्याकडे होतं. दोन-तीन प्रकरणं झाल्यावर इतिहासवाल्या सरांनी ते काढून घेतलं. "इतिहास वाचायचा तर उच्चार हवेत," असं चारचौघांत बोलले. ते तिला झोंबलं होतं.

"राग होता ना तुला?" मी सरळच विचारलं.

"होता. अजूनही आहे. पण म्हणून मी कानसेनचं पुस्तक पळवीन? काय बाई, मला काय समजलात?" ती फणकारली. "राग सरांवर आहे. कालच दारात भेटले. पत्रिका हातात दिली तर म्हणाले, वाचून दाखव, चष्मा विसरलोय. चष्मा नाकावर होता, बाई! मुद्दाम राबवून घेतात."

यात मला नवल वाटलं नाही. सरांचा तोरा सगळ्या कॉलेजला माहीत आहे. व्हरांड्यात समोरून येतात आणि ओळख दाखवत नाहीत. आपण खाकरलं की मग "कोण, कल्याणबाई का?" गेल्या आठवड्यात बैठकीची खोली बदलली होती, तशी मोठ्या अक्षरांत नोटीस लावली होती. हे जुन्या खोलीत एकटेच बसून राहिले आणि वर मलाच म्हणाले, "मी नोटिसा वाचत नसतो. नोटिसा शेंबड्या पोरांसाठी असतात."

शिवाय सेवा दिवशी पुस्तक ऐकवायला त्यांचा कडाडून विरोध होता. "वाचन म्हणजे काय तमाशा आहे?" असं म्हणून बैठकीतून उठून गेले होते.

मी त्यांना प्राध्यापकांच्या खोलीत गाठलं. खिडकीशी बसले होते, समोर मिटलेलं पुस्तक.

"रेकॉर्डर हरवलाय, सर."

ते म्हणाले, "बरं झालं." आणि लगेच सावरून, "म्हणजे, वाईट झालं. त्या मुलाचं काय?"

हे बोलताना ते माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते. माझ्या कानाकडे पाहत होते. खोटं बोलणारा माणूस डोळ्याला डोळा देत नाही, असं माझी आई सांगायची. आईचं आजवर एकदाही चुकलेलं नाही.

"काल तुम्ही माझ्या खोलीत का आला होतात?"

"तुम्हाला विनवायला," सर म्हणाले. "शनिवारी ते ऐकवू नका म्हणून."

या माणसानं आयुष्यात कधी कोणाला विनवलं असेल असं मला वाटत नव्हतं.

४

खोलीत परत आले तर उद्याभाऊ कपाटापुढे उभे. उरलेल्या डब्यांपैकी एक त्यांच्या हातात होता. मला पाहून दचकले.

"ठेवा तो खाली," मी म्हटलं. "आणि कानाची पाळी सोडा. काय लपवताय?"

ते मटकन बाकावर बसले. "बाई, प्राचार्यांना सांगू नका. मी डबे भरले, पट्ट्या लावल्या. तेवढ्यात फोन आला. बोलून परत आलो तर कुठल्या डब्यात काय ते आठवेना. सगळे सारखेच दिसतात. उघडून बघायचा कंटाळा केला. अंदाजानं लेबलं ठोकून दिली."

मी कात्री घेतली आणि 'कॅल्क्युलेटर' लिहिलेला डबा कापला. आत इयरफोन. 'इयरफोन'च्या डब्यात मोजपट्ट्या. 'मोजपट्ट्या'त कॅल्क्युलेटर. एकही लेबल खरं नव्हतं.

म्हणजे डब्यातून कोणी काही काढलं नव्हतं, कोणी काही घातलं नव्हतं. भिंग पहिल्यापासून 'रेकॉर्डर'च्या डब्यात होतं. रेकॉर्डर पहिल्यापासून 'भिंग'च्या डब्यात होता. आणि चोरानं फक्त एक डबा उचलून नेला होता, ज्यावर ठळक अक्षरांत 'भिंग' लिहिलेलं होतं.

मी खुर्चीत बसले. सकाळपासून मी रेकॉर्डरचा चोर शोधत होते. पण रेकॉर्डर हवा असलेला माणूस 'रेकॉर्डर' लिहिलेला डबा नेईल ना? 'भिंग' लिहिलेला डबा कोण नेईल? ज्याला भिंग हवंय तो!

आणि मग एकेक गोष्ट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. नाकावर चष्मा असून पत्रिका दुसऱ्याकडून वाचून घेणं. न वाचलेली नोटीस. व्हरांड्यातली न दाखवलेली ओळख. माझ्या कानाकडे पाहून बोलणं. आम्ही सगळे त्याला तोरा म्हणत होतो.

सरांना दिसत नव्हतं.

५

"सर, तुम्हाला भिंग हवं होतं," मी दार लोटून म्हटलं. "मागितलं असतंत तर मी घरी आणून दिलं असतं. चोरून कशाला न्यायचं?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मला दार लावायला सांगितलं.

"कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"आत्तापासून."

"मधलं सगळं पुसलं जातंय, बाई. कडेचं दिसतं. तुमच्या कानाकडे पाहिलं तर तुमचं तोंड जरा दिसतं, सरळ पाहिलं तर तिथे काहीच नसतं. औषध नाही म्हणतात." त्यांचा आवाज वर्गात असतो तसा नव्हता. "घरी बायकोला माहीत आहे. इथे कोणाला नाही. न वाचता येणारा प्राध्यापक कोण ठेवून घेईल?"

"मग रेकॉर्डरमधलं पुस्तक तुम्ही वाचलंत कसं?"

"वाचलं नाही. म्हटलं. तीस वर्षं शिकवतोय, ते पुस्तक मला तोंडपाठ आहे. पण मध्ये अडखळतो, एक वाक्य दोनदा येतं. भरल्या सभागृहात ते कोणाच्याही लक्षात आलं असतं. म्हणून नको म्हणत होतो."

मला दया आली, पण दया आली म्हणून काही संशय जात नाही. लेबलांचा घोळ, 'भिंग' लिहिलेला गायब डबा, शाबूत पट्ट्या, सगळं सांगून मी विचारलं, "आणि डबा?"

सर हसले. कडवट हसणं ते. "बाई, भिंगाचा उपयोग मला होता तो काळ गेला. भिंगानं फक्त पुसलेलं मोठं दिसतं. आणि एक सांगा. त्या डब्यावर भिंग लिहिलंय, हे मला वाचता कसं आलं असतं?"

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

सर एवढ्यावर थांबले नाहीत. "मी नेला असता तर एकेक डबा फोडून पाहावा लागला असता. तुम्ही म्हणता बाकीच्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. चोराला रेकॉर्डरच हवा होता असं धरा. म्हणजे त्यानं लेबल पाहिलंच नाही, आणि तरी पहिल्याच फटक्यात बरोबर डबा उचलला."

लेबल न पाहता. डबा न उघडता. हलवून, आवाजावरून.

मी धावत शिपाईमामांकडे गेले. "मामा, काल दुपारी अजून कोण आलं होतं? नीट आठवा."

"सांगितलं ना, सर आणि माईकताई."

"आणि कानसेन?"

"तो होय? तो येणारच की, बाई. त्याचं रोजचंच आहे. त्याला काय मोजायचं!"

६

कानसेन वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "चिडून चालताय, बाई. म्हणजे कळलं."

"डबा कुठे आहे?"

"माझ्या उशीच्या अभ्र्यात. त्या रेकॉर्डरचं बॅटरीचं झाकण सैल आहे, खुळखुळतं. उचलला की कळतो."

"अरे गाढवा! तुझंच पुस्तक तूच चोरलंस? सोमवारी पेपर आहे तुझा! भाऊंची नोकरी जायची वेळ आली!"

"शनिवार झाला की आणून ठेवणार होतो. भाऊंचं असं होईल हे मला काय माहीत? तुम्ही आला नसतात तरी आज सांगणारच होतो. बाई, तुम्ही सरांची प्रकरणं ऐकलीत कधी?"

खरं सांगायचं तर नव्हती ऐकली. एवढ्या मोठ्या सरांनी वाचलेलं काय तपासायचं?

"माईकताईच्या प्रकरणांत पानं उलटल्याचा आवाज येतो. सरांच्या प्रकरणांत पान उलटतच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही नाही. तेव्हाच मला कळलं." त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. "मी लहानपणी असंच करायचो. माझी नजर हळूहळू गेली, एकदम नाही. वर्गात बाई वाच म्हणाल्या की पुस्तक तोंडासमोर धरायचं आणि पाठ केलेलं म्हणायचं. एकदा बाईंनी भलत्याच पानावर बोट ठेवलं आणि मी पहिलंच पान म्हणत राहिलो. सगळा वर्ग हसला. बाई, अजून आठवलं की अंगावर काटा येतो. सरांचं तसं सभागृहात होऊ द्यायचं नव्हतं मला."

माझा सगळा राग विरघळला. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"अजून एक आहे," तो हळूच म्हणाला. "सरांना सांगू नका. पुस्तकाची नवी आवृत्ती आलीय. सरांना पाठ आहे ती जुनी. बंदर का बुडालं, दुष्काळ कुणामुळे पडला, सगळं बदललंय. मित्रांच्या गप्पांत कळलं."

आता मला सराव परीक्षा आठवली. त्याची लेखनिक मीच होते. बंदर गाळानं बुजलं, असं त्यानं सांगितलं, मग थांबला आणि म्हणाला, खोडा, वादळानं बुडालं असं लिहा. मला वाटलं, पोरगं घाबरलंय. उत्तरपत्रिका सरांपर्यंत जाणार होती आणि सरांना वाईट वाटू नये म्हणून यानं मुद्दाम चुकीचं लिहवलं होतं.

"म्हणजे यंत्र सापडलं तरी तुझ्याकडे पुस्तक नाहीच?"

"निम्मं नाही," कानसेन म्हणाला.

"हे सरांना सांगावंच लागेल."

"त्यांना फार लागेल, बाई."

"लागू दे," मागून आवाज आला. सर भिंतीला हात लावून उभे होते. माझ्या मागोमाग कधी आले होते, देव जाणे. कानसेनच्या कानांनाही त्या दिवशी ते कळलं नाही. तो बोलण्यात होता.

७

प्राचार्यांना मी सांगितलं की डब्यांची लेबलं चुकली, यंत्र सापडलं, चूक माझ्या विभागाची. उद्याभाऊ वाचले. त्याच दिवशी त्यांनी सगळ्या यंत्रांतलं संगणकावर उतरवलं, 'उद्या' हा शब्द न उच्चारता.

शनिवारी सभागृह भरलं. पाहुण्यांनी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात पहिल्या रांगेतून सर उठले.

"थांबा. यातलं बरंचसं मी म्हटलेलं आहे, आणि ते चूक आहे," ते म्हणाले. "मला आता वाचता येत नाही. हे मी लपवलं आणि एका मुलाला शिळं पुस्तक पाजलं. सोमवारी त्याचा पेपर आहे. ज्याला वाचता येतं त्यानं उद्या वाचनकक्षात यावं."

माईकताईनं माईक खाली ठेवला आणि म्हणाली, "मी येते, सर. उच्चार मात्र तुम्हीच सुधारा."

रविवारी वाचनकक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. सायकल दुरुस्तीवाली पोरंसुद्धा हात पुसून आली. एकानं वाचायचं, दमला की दुसऱ्यानं. सर मध्ये बसून सगळं ऐकत होते. जुनं-नवं कुठे बदललं ते कानसेनला समजावून सांगत होते, आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "असं लिहिलंय? खरंच असं लिहिलंय?"

कानसेन पास झाला, हे आत्ताच सांगून टाकते. मला स्वतःला ताटकळत ठेवलेलं आवडत नाही. सरही राहिले. त्यांच्या व्याख्यानाला पुस्तक कधी लागलंच नव्हतं, हे प्राचार्यांनाही ठाऊक होतं.

पण मला आठवतो तो सोमवार. पेपर संपला, मी आणि कानसेन परीक्षेच्या खोलीतून बाहेर आलो. व्हरांड्यात पोरांची ही गर्दी. त्या गर्दीत सर एका खांबाला टेकून उभे होते. एरवी छाती काढून चालणारा माणूस, पण कोणीकडे वळावं ते त्यांना कळत नव्हतं. पोरं धक्के देत पुढे जात होती.

कानसेननं मान वाकडी करून कानोसा घेतला आणि काठी टेकत सरळ त्यांच्यापाशी गेला.

"सर, माझा खांदा धरा. कोपर नका धरू, गर्दीत सुटतं."

सर क्षणभर ताठ झाले. मला वाटलं, आता खेकसणार. पण त्यांनी चाचपडत हात पुढे केला आणि पोराचा खांदा घट्ट धरला.

"पेपर कसा गेला?" त्यांनी विचारलं.

"सांगतो. आधी चालायला शिका," कानसेन म्हणाला. "पाऊल माझ्या मागे टाका, पुढे नाही."

पोरांनी बाजूला होऊन वाट दिली. मी पिशवी सावरत त्यांच्या मागून चालत होते आणि भर व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडत होते.